गावतलावातला गाळ काढायचाय? अर्ज कुठे, अनुदान कोणाला, कागद कोणते

गाळाने भरलेला तलाव पहिल्या मोठ्या पावसांतच तुडुंब होतो. पुढचा सगळा लोंढा सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवरून, ओढ्यात आणि ओढ्याकाठच्या घरांत. गाळ निघाला की तेवढी जागा पुराच्या पाण्याला मिळते. त्यासाठी राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. ती 2017 मध्ये आली आणि जानेवारी 2023 च्या शासन निर्णयाने पुढे चालू झाली.

सुरुवात ग्रामपंचायतीतून होते. कोणत्या शेतकऱ्याला किती गाळ हवा याची मागणी गोळा करून ठराव घ्यायचा. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती देते. यंत्र आणि इंधनाचा खर्च शासन उचलते; काम अशासकीय संस्था किंवा ग्रामपंचायत करते.

गाळ शेतात नेऊन पसरण्याचे अनुदान अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना मिळते. विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातील शेतकऱ्यांना ही अट नाही. दर घनमीटरला 35.75 रुपये, अडीच एकरांपर्यंत, जास्तीत जास्त 37,500 रुपये. मोठ्या शेतकऱ्याने गाळ स्वखर्चाने न्यावा.

सातबारा, आठ-अ, आधार आणि बँक पासबुकाची प्रत तयार ठेवा. सवलतीच्या गटात असाल तर तसा दाखलाही जोडा. पैसे काम झाल्यावर मिळतात, म्हणून आपल्या खेपांची नोंद रोजच्या रोज करून घ्या.

वाळू काढायला पूर्ण बंदी आहे. त्याहून माझा आग्रह भरावाबद्दल, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाबद्दल आहे. पोकलेन भरावाच्या पायथ्याशी लावू देऊ नका. तिथली घट्ट माती उकरली की पाणी भरावाखालून वाट काढते. खोदाईची हद्द अभियंत्याकडून चुना टाकून आखून घ्या. पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर पोती रचणे तर साफ बंद करा. पाणी माथ्यावरून वाहू लागले की मातीचा भराव टिकत नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, माणसे वाहून गेली. भरावाची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

भरावावर भेग, बिळे किंवा खालच्या बाजूला पाझर दिसला, तर गाळाच्या अर्जात ते लिहून भागत नाही. तलाव ज्या विभागाचा, त्याच्या उपअभियंत्याला फोटोंसह वेगळे पत्र द्या, प्रत तहसीलदारांना द्या आणि दोन्हींची पोच घ्या.