गोल्डीलॉक्स बटरकप

बटरकपांच्या पिवळ्या फुलांच्या गर्दीत गोल्डीलॉक्स ही रानातली जाती ओळखायची खूण थोडी उलटी आहे: फुलात काहीतरी कमी असते. रॅनन्क्युलस ऑरिकोमस हे तिचे शास्त्रीय नाव आणि मोरवेल कुल, म्हणजे रॅनन्क्युलेसी, हे तिचे कुल. युरोपात बहुतेक भागांत आणि पूर्वेला सायबेरियापर्यंत ती पानझडी जंगलांत, झाडांच्या विरळ सावलीत आणि जुन्या कुंपणांच्या कडेला उगवते. चुनखडीची, ओलसर आणि सकस माती तिला विशेष मानवते.

ही बहुवर्षायू ओषधी वीतभर ते हातभर उंच वाढते. वरच्या झाडांना पुरती पालवी फुटण्याआधी, एप्रिल-मे महिन्यांत, ती फुलून घेते. फुले दीड ते अडीच सेंटिमीटर रुंद असतात. बटरकपाला पाच तकतकीत पिवळ्या पाकळ्या असतात असे आपण धरून चालतो, पण इथे एका फुलात तीन, शेजारच्या फुलात एकच वेडीवाकडी, तर तिसऱ्यात एकही नाही, असे एकाच झाडावर पाहायला मिळते. पाचही पाकळ्या नीट असलेले फूलही सापडते, पण तेवढ्यावरून घाईने दुसरे नाव लिहू नये. त्याच झाडाची बाकीची फुले पाहावीत. पाकळ्या नसल्या की संदले, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवट दले, पिवळसर होऊन त्यांची जागा घेतात. फूल किड्याने खाल्लेले दिसते, पण मुळात ते तसेच उमलते.

खरी खात्री मात्र पानांवरून पटते. जमिनीलगतची मूलज पाने लांब देठांची, गोलसर ते मूत्रपिंडाकृती असतात. काही जवळजवळ अखंड, काही तीन किंवा अधिक खंडांत विभागलेली. खोडावरची पाने पाहिली तर ती याच झाडाची आहेत यावर विश्वास बसत नाही: देठ जवळपास नाही आणि पान बुडापर्यंत चिरून अरुंद पट्ट्या झालेल्या, खोडाभोवती बोटांसारख्या पसरलेल्या. एका झाडावरची ही दोन तऱ्हांची पाने दिसली आणि फुलाच्या पाकळ्या अपुऱ्या असल्या, की संशयाला फारशी जागा उरत नाही.

तरी गोंधळ होतो तो चार नातेवाइकांशी. रांगता बटरकप जंगलातल्या वाटांवरही येतो. त्याला जमिनीवर धावणारे धुमारे असतात, पानाच्या मधल्या पर्णिकेला स्वतंत्र देठ असतो आणि फुलाच्या देठावर खोबणी असतात. गोल्डीलॉक्सचा देठ गुळगुळीत गोल असतो. कंदी बटरकपाची संदले फूल उमलताच मागे देठाकडे वळतात, हिची वळत नाहीत. कुरणातला उंच बटरकप केसाळ असतो आणि त्याची खालची पानेही खोल चिरलेली असतात. लेसर सेलँडाइन हिच्या आधीच फुलू लागते, तिला आठ-दहा अरुंद पाकळ्या, बहुधा तीनच संदले आणि हृदयाकृती चकचकीत पाने असतात. फुले गळून गेली असतील तर भिंगातून फळे पाहावीत. गोल्डीलॉक्सच्या कृत्स्नफळांवर, म्हणजे एकेका बीजाच्या कोरड्या फळांवर, बारीक लव असते आणि टोकाला आखूड वाकडी चोच. रांगत्या, कंदी आणि उंच बटरकपांची फळे गुळगुळीत असतात.

बहुतेक बटरकप चुरडले की त्यांतून प्रोटोअ‍ॅनेमोनिन हे दाहक द्रव्य तयार होते आणि त्वचेवर फोड येऊ शकतात. गोल्डीलॉक्समध्ये हा तिखटपणा फारच कमी असतो. मात्र ओळख पटवण्यासाठी बटरकपाचे पान चावून पाहू नये, कारण नेमका अंदाज चुकला तरच ते महागात पडते.

तिच्या विस्कळीत पाकळ्यांइतकीच तिची प्रजननाची रीतही विलक्षण आहे. बहुतेक झाडांत असंगजननाने बी धरते, म्हणजे अंडपेशीचे फलन न होताच गर्भ वाढतो. तरीही परागकण लागतातच, कारण बीजातील अन्नसाठा, म्हणजे पुष्क, त्यांच्याशिवाय तयार होत नाही. संतती आईची हुबेहूब प्रत असल्याने प्रत्येक वंशातले बारीक फरक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात. अशा वंशांना नावे देत वनस्पतिशास्त्रज्ञांनी ८०० हून अधिक सूक्ष्मजाती, म्हणजे बारीक फरकांवरून वेगळ्या मानलेल्या जाती, वर्णिल्या आहेत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये यांतल्या मोजक्याच प्रकारांना नावे दिली होती. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनुसार हा सारा पसारा लैंगिक प्रजनन करणाऱ्या थोड्याच जातींच्या संकरांतून उभा राहिला आहे. त्यामुळे रानात फिरणाऱ्याने सूक्ष्मजातीच्या मागे न लागता समूहापर्यंत ओळख पोहोचवली तरी ती पुरेशी मानावी.

ही ओळख नेमकी असण्याला मोल आहे. ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी गोल्डीलॉक्स प्राचीन वनाची सूचक वनस्पती मानली जाते. इंग्लंडमध्ये प्राचीन वन म्हणजे इ.स. १६०० पासून सलग टिकलेले जंगल. सर्वेक्षणात तिच्या जागी ‘रांगता बटरकप’ अशी नोंद झाली, तर त्या जंगलाच्या वयाचा एक पुरावा हातचा जातो.