रजोनिवृत्तीनंतरची अस्थिसुषिरता

पाळी कायमची थांबल्यानंतर स्त्रीची हाडे वेगाने विरळ होऊन ठिसूळ होतात, त्या विकाराला रजोनिवृत्तीनंतरची अस्थिसुषिरता किंवा ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

हाडात जन्मभर मोडतोड आणि बांधणी सुरूच असते. काही पेशी जुने हाड विरघळवतात, काही नवे रचतात. तिशीच्या सुमारास हाडांचा साठा सर्वाधिक असतो. मुख्यतः बीजकोशांत तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक विरघळवणाऱ्या पेशींना आवर घालते; रजोनिवृत्तीत ते ओसरले की पुढची काही वर्षे झीज विशेष जोरात होते. अमेरिकन वैद्य फुलर ऑलब्राइट यांनी १९४० च्या सुमारास हा संबंध मांडला.

म्हणून वयापेक्षा पाळी कधी थांबली, हे विचारणे महत्त्वाचे. ‘पिशवी काढली’ एवढेच सांगितले जाते; सोबत दोन्ही बीजकोश काढले का, हे अनेकींना माहीतही नसते. काढले असतील तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. कमी वयात बीजकोश गमावलेल्या स्त्रीच्या हाडांना पुढची कित्येक दशके इस्ट्रोजेनविना काढावी लागतात, हे अशा चर्चेत मागेच पडते.

झीज दुखत नाही. मनगट, मणका किंवा खुब्याचे हाड किरकोळ पडण्याने मोडते, तेव्हा ती कळते. मणका तर नुसत्या वाकण्यानेही दबतो. उंची घटते, पोक येते आणि घरचे ते वयावर ढकलतात. खुब्याचा अस्थिभंग सर्वांत घातक.

निदानासाठी डेक्सा ही हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार टी-स्कोअर (निरोगी तरुण स्त्रीच्या सरासरीशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास अस्थिसुषिरता मानतात. शिबिरांत टाचेवर होणाऱ्या सोनोग्राफीला हा निकष लागू नाही. तो आकडा पाहून औषध सुरू करू नये.

प्रौढांना रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळते. ड जीवनसत्त्व आणि वजन पेलणारा व्यायामही हवा. मात्र आजार जडल्यावर नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या पुरत नाहीत. अ‍ॅलेन्ड्रोनेटसारखी औषधे हाड विरघळणे रोखतात. अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घेतात आणि अर्धा तास आडवे होत नाहीत, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. गोळीसोबत चहा चालत नाही.