पन्नास बिबटे आणि घोडबंदर रोड

ठाण्याहून बोरिवलीला जाणारी बस गायमुखच्या चढावर अडकली की कंडक्टरसुद्धा मशीन मांडीवर ठेवून डोळे मिटून घेतो. रात्रीचे साडेदहा, पुढे कंटेनरची रांग. उजव्या खिडकीतून दिसतो तो काळाकुट्ट पट्टा म्हणजे नागल्याचं जंगल, त्याच्यामागे वसईची खाडी. डावीकडचा डोंगर हा राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य भाग, तो पार दक्षिणेकडे आरेपर्यंत जातो. कागदावर दोन्ही एकच: संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, जेमतेम १०४ चौरस किलोमीटर. मधून हा रस्ता.

शेजारच्या सीटवरच्या काकांनी बाहेर बघत विचारलं, "यात अजून वाघ आहेत म्हणे?"

"वाघ नाहीत, बिबटे."

"किती?"

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्याचं उत्तर आहेही. झाडाला समोरासमोर दोन कॅमेरे बांधायचे, बिबट्या मधून गेला की दोन्ही कुशींचे फोटो निघतात. अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे कोण कोण आहे ते मोजता येतं. अशा मोजणीत २०१५ साली ३५ बिबटे निघाले, २०१८ साली ४७, आणि त्यानंतर आकडा पन्नाशीच्या पुढे सरकला. एवढ्याशा जागेत, चहूबाजूंनी दोन कोटींच्या वस्तीचा वेढा असताना, ही गर्दीच म्हणायची. काकांना आनंद झाला. मलाही होतो. पण जनुकांचा हिशेब करणाऱ्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो लगेच दुसरा प्रश्न टाकतो: यातले बाहेरून आलेले किती?

असं का, ते भिशीच्या डब्यावरून कळतं. डब्यात ५० नावांच्या ५० चिठ्ठ्या आहेत. एक काढा, नाव लिहून घ्या, चिठ्ठी परत डब्यात टाका, डबा हलवा, पुन्हा काढा. असं ५० वेळा केलंत तर काही नावं दोनदा-तीनदा येतील आणि साधारण १८ नावं एकदाही येणार नाहीत. आता लिहून घेतलेल्या नावांच्याच ५० चिठ्ठ्या करून नवा डबा भरा. ती १८ नावं कायमची गेली. त्यांनी काही वाईट केलं नव्हतं, निव्वळ नंबर लागला नाही. आणखी आठ-दहा फेऱ्यांत डब्यात मूठभर नावंच उलटसुलट येत राहतात. याउलट डबा मोठा असेल आणि प्रत्येक नावाच्या शंभर-शंभर चिठ्ठ्या असतील, तर पहिल्या फेरीत एकही नाव गळायचं नाही. नाव म्हणजे जनुकाचा एक प्रकार, फेरी म्हणजे एक पिढी. लहान कळपात विविधता अशीच झिजते, कुणी शिकार केली नाही, जंगलाचं एक झाडही तोडलं नाही तरी.

शिवाय पन्नास बिबट्यांचा डबा पन्नासाचा नसतोच. त्यात पिल्लं असतात, म्हातारे असतात, हद्द न मिळालेले तरणे नर असतात. बिबट्यांत एकेका दांडग्या नराच्या हद्दीत दोन-तीन माद्या राहतात, बाकीचे नर वाट बघतात. हिशेबापुरतं धरा की प्रत्यक्ष पिल्लं होतात ती ५ नर आणि २० माद्यांना. सूत्र सोपं आहे: नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. उत्तर येतं १६. म्हणजे डोकी पन्नास दिसली तरी जनुकांच्या दृष्टीने तो सोळा जनावरांचा कळप. त्यातून दर पिढीला सुमारे तीन टक्के विविधता गळते, दहा पिढ्यांत पाव भागाहून जास्त. या 'परिणामकारक' संख्येसाठी जनुकशास्त्रज्ञ इयान फ्रँकलिन यांनी १९८० साली एक ठोकताळा मांडला होता. आंतरप्रजननाचा, म्हणजे नात्यातल्या नात्यात पिल्लं होण्याचा, तातडीचा धोका टाळायला ५० हवेत आणि बदलत्या काळाशी जुळवून घ्यायची ताकद टिकवायला ५००. हे आकडे एवढे गाजले ते गोल आहेत म्हणून, असं मला वाटतं. नेमक्या किमतीवर अजून वाद आहेत. दिशेवर नाहीत.

विविधता गेली म्हणून बिघडतं काय? आपल्याकडे मामाच्या मुलीवर हक्क सांगायची रीत कालपरवापर्यंत होती, त्यामुळे हे समजायला अवघड नाही. प्रत्येकाच्या अंगात काही सदोष जनुकं असतातच. पण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची, आणि चांगली प्रत बहुतेक वेळा सदोषाला सांभाळून घेते. मामे-आते भावंडांच्या मुलात मात्र सरासरी सोळाव्या हिश्श्याच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. तिथे सदोषाला सदोषच भेटला तर सांभाळायला कुणी उरत नाही. माणसांत हे एखाद्या लग्नापुरतं असतं. कोंडलेल्या जंगलात काही पिढ्यांनी सगळीच स्थळं नात्यातली होतात.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीतल्या पँथरचं नेमकं हेच झालं. हा तिथला प्यूमा, मांजरकुळातला मोठा प्राणी. १९९०च्या सुमारास २०-३० उरलेले. शेपटीच्या टोकाला मोड आलेला, पाठीवर केसांचा उलटा भोवरा, कित्येक नरांचे वृषण खाली उतरलेच नाहीत, काहींच्या हृदयाच्या पडद्याला भोक. शेपटीचा मोड दिसायला किरकोळ, पण तीच खूण होती की आतून सगळं एकसारखं झालंय. १९९५ साली टेक्ससमधून आठ माद्या आणून सोडल्या. त्यातल्या पाचांना पिल्लं झाली. तेवढ्यावर पुढच्या बारा वर्षांत संख्या जवळपास तिप्पट झाली आणि मोडक्या शेपट्या कमी दिसू लागल्या. जंगल तेच, भक्ष्य तेच, रस्ते उलट वाढलेले. इलिनॉयमधल्या माळकोंबड्यांचीही हीच गोष्ट: १९६२ साली सुमारे २००० होत्या, १९९४ पर्यंत पन्नासहून कमी, अंडी उबत नव्हती. बाहेरच्या राज्यांतून पक्षी आणल्यावर उबायला लागली.

मात्र एकदा पाहुणा आला की भागलं, असं नाही. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावरच्या लांडग्यांत १९९७ साली गोठलेल्या पाण्यावरून चालत एक नर आला. तो इतका यशस्वी झाला की काही वर्षांत बेटावर बघावं तिकडे त्याचीच नातवंडं. मग पुन्हा नात्यातच. २०१६ साली बेटावर दोन लांडगे उरले, बाप आणि लेक. पाहुणे येत राहावे लागतात. दर पिढीला निदान एक, असा जुना अंदाज आहे.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण या विषयात घाबरवणं फार सोपं आहे. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातली वाकिटा ही छोटी सागरी सस्तन प्राण्यांची जात दहाएक शिल्लक आहे. तिचं जनुकीय विश्लेषण २०२२ साली झालं, तेव्हा दिसलं की जाळ्यांत अडकून मरणं थांबलं तर ती आंतरप्रजननामुळे संपेलच असं नाही. ती हजारो वर्षं कमी संख्येतच जगत आली. घातक जनुकं हळूहळू उघडी पडत, गळत गेली. धोका जास्त असतो तो काल-परवापर्यंत मोठ्या गोतावळ्यात असलेल्या आणि आज अचानक कोंडल्या गेलेल्या प्राण्यांना. त्यांचं सदोष जनुकांचं गुपित ओझं अजून पोत्यातच असतं. बोरिवलीचे बिबटे या दुसऱ्या प्रकारचे. सह्याद्रीतल्या बिबट्यांपासून त्यांना तोडणारे महामार्ग आणि टॉवर हे माणसांच्या फार तर दोन-तीन पिढ्यांचं काम.

त्यात आपल्या बिबट्यांचं आणखी एक आहे. ते कुत्री खातात, भरपूर. कुत्र्यांतला डिस्टेंपर हा विषाणू मांजरकुळातही शिरतो. १९९४ साली सेरेंगेटीत त्याने हजारभर सिंह मारले, २०१८ साली गीरमध्येही सिंह गेले. कळपात विविधता असेल तर कुणाची तरी प्रतिकारशक्ती टिकते. सगळे एकाच साच्यातले असतील तर एकाला लागलेलं सगळ्यांना लागतं.

नातं कॅमेऱ्यात दिसत नाही. त्यासाठी विष्ठा गोळा करावी लागते. ताज्या विष्ठेवर पातळ चकचकीत थर असतो, त्यात आतड्याच्या अस्तराच्या पेशी असतात. तेवढाच काडीने खरवडायचा आणि सिलिका जेलच्या डबीत ठेवायचा, तेच जेल जे नव्या बुटांच्या खोक्यात पुडीत मिळतं. ओल गेली की डीएनए टिकतो. प्रयोगशाळेत त्यावरून कोण कुणाचा बाप, आणि कोण इथल्या कुणाचाच नाही, ते वाचता येतं. या शेवटच्या प्रकारचा नमुना मिळाला की जीव भांड्यात पडतो.

असा एक पाहुणा सगळ्यांना ठाऊक आहे. २००९ साली अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक नर विहिरीत पडला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याला जीपीएस कॉलर घालून माळशेजला सोडलं आणि नाव ठेवलं आजोबा. आजोबा साधारण १२० किलोमीटर चालत, रेल्वे आणि महामार्ग ओलांडत, खाडी पोहून मुंबईच्या या जंगलात आला. म्हणजे आमची बस उभी होती त्याच्या उजवीकडे. त्याने इथे घर केलं की नाही, हे कॉलर सांगत नाही. पण वाट अजून पूर्ण बुजलेली नाही, एवढं त्याने चालून दाखवलं.

दोन वर्षांनी आजोबा गाडीखाली मेला. आपण अशा मृत्यूची नोंद 'एक बिबट्या कमी' अशी करतो. हिशेब तसा नाही. हद्द मिळालेला नर रस्त्याकडे कशाला येईल? रस्ता ओलांडतो तो बहुधा निघालेला असतो, इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे. म्हणजे घोडबंदरला किंवा अहमदाबाद हायवेला गाडीखाली येणारा बिबट्या हा पन्नासातला कुठलाही एक नसतो. बऱ्याचदा तो नेमका तो पाहुणाच असतो.

काकांना यातलं अर्धंच सांगून झालं होतं, तेवढ्यात रांग हलली. ड्रायव्हरने गिअर टाकला आणि उतारावर बस सोडली, हायबीम लावून.