अवघड गेम आणि जाचक गेम

चाळिशी ओलांडलेले माझे बरेच मित्र म्हणतात, "आता अवघड व्हिडिओ गेम झेपत नाहीत." मला ते पटत नाही. त्यांना नकोसा झालाय तो जाच, आणि ते त्यालाच अवघडपणा म्हणतात.

एखादी गोष्ट जमायला किती कौशल्य लागतं, हा अवघडपणा. चुकलात तर काय हिरावून घेतलं जातं, हा जाच. आम्ही लहानपणी खेळलो ते कॉन्ट्रा आठवा. तीन लाइफ, एक गोळी लागली की खेळाडू आडवा. हा झाला अवघडपणा. पण कंटिन्यू, म्हणजे तिथूनच पुन्हा खेळायच्या मोजक्या संधी, संपले की पुन्हा थेट पहिल्या जंगलात! पाचव्या, बर्फाच्या लेव्हलचा सराव करायचा तर आधीच्या चार लेव्हल पुन्हा खेळायच्या. अशा गेमची घडण आर्केडची, जिथे हरलेल्या खेळाडूने पुढचं नाणं टाकायचं असे. घरी नाणं नव्हतं, तिथे वेळ जायचा. मे महिन्याच्या सुट्टीत तो आमच्याकडे भरपूर होता, म्हणून जाच जाणवलाच नाही. आता मुलं झोपल्यावर जेमतेम पाऊण तास मिळतो.

2018 चा सेलेस्त बघा. काट्याला नुसता स्पर्श झाला तरी मरण, पण पुढच्याच क्षणी त्याच स्क्रीनवर पुन्हा सुरुवात. भलताच अवघड, जाच जवळजवळ शून्य. डार्क सोल्समध्ये (2011) बॉसने, म्हणजे वाट अडवणाऱ्या बड्या शत्रूने, मारलं की मागच्या शेकोटीपासून (तिथेच खेळाडू पुन्हा जिवंत होतो) परत धावत यायचं. त्याच स्टुडिओने एल्डन रिंगमध्ये (2022) अनेक बॉसच्या दाराशीच पुन्हा उठायची सोय केली. बॉस मात्र मवाळ झाले नाहीत.

वयाचा काहीच परिणाम नाही, असं नव्हे. कॅनडातल्या संशोधकांनी 2014 मध्ये स्टारक्राफ्ट 2 या युद्धाच्या डावपेचांच्या गेमच्या 16 ते 44 वयाच्या 3,305 खेळाडूंची नोंद तपासली. चोविशीपासूनच प्रतिसादाचा वेग घटताना दिसला; पण मोठ्या वयाचे खेळाडू सोप्या, कमी हालचालींच्या डावपेचांनी ती उणीव भरून काढत असावेत, असंही आढळलं.

म्हणून सेटिंग ईझीवर टाकण्याआधी आपल्याला नेमकं काय खुपतंय ते बघा. ईझीने बहुधा शत्रूंचा मार कमी होतो; हरल्यावर पुन्हा चालायची वाट तेवढीच राहते.