गच्चीवर सौर, कॉमन मीटरला नेट मीटर: मुंबईतल्या सोसायटीने अर्ज कसा करायचा

मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये शहराचा वातावरण कृती आराखडा जाहीर केला. 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचं, त्याआधी 2030 पर्यंत 30 टक्के आणि 2040 पर्यंत 44 टक्के कपात करायची, असं त्यात म्हटलं आहे. देशाचं उद्दिष्ट 2070 चं, म्हणजे मुंबईने स्वतःला वीस वर्षं आधीची मुदत दिली आहे. आराखड्याच्या हिशेबाप्रमाणे 2019 मध्ये शहरातून 2.342 कोटी टन कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन झालं, माणशी सुमारे 1.8 टन. त्यातला सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा ऊर्जावापराचा आहे. शहराची वीज प्रामुख्याने कोळशावरची, आणि ती जळते घरांत, दुकानांत, कार्यालयांत. मुंबईचं उत्सर्जन म्हटलं की डोळ्यांसमोर वाहनं येतात, पण मोठा आकडा इमारतींच्या वीजबिलात दडलेला आहे.

नव्या इमारतींसाठी ऊर्जा संवर्धनाच्या संहिता आहेत, त्यांची काळजी वास्तुविशारद आणि बिल्डर घेतील. प्रश्न उभ्या असलेल्या सोसायट्यांचा आहे. त्यांच्यासाठी आज सरकारी अनुदान मिळणारा सरळ रस्ता म्हणजे ‘पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना’. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली, गच्चीवर सौर पॅनेलचा संच बसवायला अनुदान देणारी ही केंद्राची योजना 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे. जाहिरातीत ती स्वतंत्र घरांची वाटते, पण गृहनिर्माण संस्थांना तिच्यात वेगळी जागा आहे. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरचा अर्ज हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. अर्ज अडतो तो सोसायटीच्या कपाटातल्या कागदांमुळे, म्हणून कपाटापासून सुरुवात करू.

अनुदान किती, कशासाठी

स्वतंत्र घराला 1 किलोवॉटला 30,000 रुपये, 2 किलोवॉटला 60,000 आणि 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला कमाल 78,000 रुपये मिळतात. सोसायटीला हा दर लागू नाही. संस्थेला किलोवॉटमागे 18,000 रुपये मिळतात आणि तेही सामायिक सोयींच्या विजेसाठी: लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्याचे आणि आवारातले दिवे, विजेवरच्या गाड्यांचं चार्जिंग. मर्यादा घरटी 3 किलोवॉट, एकूण कमाल 500 किलोवॉट. एखाद्या सदस्याने स्वतःच्या नावावर आधीच गच्चीवर संच बसवला असेल तर त्याची क्षमताही याच मर्यादेत मोजली जाते.

40 घरांच्या सोसायटीला कागदोपत्री 120 किलोवॉटपर्यंत अनुदान मिळू शकतं. प्रत्यक्षात कोणी तिथपर्यंत जात नाही. एका किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते. गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतात, लिफ्टची खोली असते, कुठे मोबाइल टॉवर असतो, आणि शेजारी नवा तीस मजली मनोरा उठला असेल तर दुपारी तीननंतर त्याची सावलीही. समजा 2,000 चौरस फूट जागा निघाली, तर 20 किलोवॉटचा संच बसेल. अनुदान 3,60,000 रुपये. मुंबईच्या हवेत, पावसाळ्याचे मंद महिने धरूनही, वर्षाला 26 ते 28 हजार युनिट वीज मिळावी. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला जवळपास 19 टन उत्सर्जन टळतं. आराखड्यातल्या सरासरीने दहा मुंबईकरांचं वर्षभराचं उत्सर्जन एवढं होतं.

यातून इमारत ‘शून्य’ होत नाही, हेही आताच सांगून ठेवतो. घराघरांतले एसी आपापल्या मीटरवरच चालत राहतात. सात मजल्यांच्या जुन्या इमारतीत सामायिक वीज बरीचशी भागते. उंच मनोऱ्यात मजले कितीतरी जास्त आणि गच्ची तेवढीच, त्यामुळे लिफ्टचा खर्चही जेमतेम निघतो.

पात्रता

संस्था नोंदणीकृत हवी. गच्ची संस्थेच्या कायदेशीर ताब्यात हवी. सामायिक वापराची वैध वीजजोडणी हवी आणि या संचासाठी आधी दुसरं सरकारी सौर अनुदान घेतलेलं नसावं. पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. बाजारात आयात सेलची पॅनेलं स्वस्त मिळतात आणि कोटेशनमधला फरक बहुतेक वेळा त्यातूनच आलेला असतो. ती बसवली की अनुदान गेलं.

पागडीच्या इमारतीत गच्ची मालकाची, त्यामुळे भाडेकरूंची समिती एकटी अर्ज करू शकत नाही. पुनर्विकासाचा ठराव झालेल्या सोसायटीने या वाटेला जाऊच नये. संच पंचवीस वर्षांचा आणि इमारत तीन वर्षांची, हे गणित बसत नाही. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम 353-ब नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहेच. तो अहवाल नसेल तर आधी तो करून घ्या. पॅनेलचं वजन फार नसतं, पण वाऱ्याचा जोर सांगाड्यावरून थेट स्लॅबवर येतो.

आधी मीटर पाहा

कॉमन मीटरचं, म्हणजे सामायिक वापराच्या जोडणीचं, बिल काढून तीन गोष्टी बघा: नाव, पुरवठादार, मंजूर भार (वीज कंपनीने त्या जोडणीला मान्य केलेले कमाल किलोवॉट).

नाव अजून बिल्डरचं असेल तर काम तिथेच थांबतं. अशा सोसायट्या कमी नाहीत. वर्षानुवर्षं बिल भरलं जातं आणि वर कोणाचं नाव आहे हे कोणी वाचत नाही. नाव बदलण्यासाठी वीज कंपनीकडे नोंदणी प्रमाणपत्र, ठरावाची प्रत, ताब्याचा पुरावा आणि शेवटचं भरलेलं बिल जोडून वेगळा अर्ज करा आणि तो पूर्ण झाल्यावरच सौर अर्जाकडे वळा. नोंदणी प्रमाणपत्र, बँक खातं आणि बिल या तिन्हींवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. एका ठिकाणी ‘को-ऑप. हाउसिंग सोसायटी लि.’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ असेल तर त्यावरूनही फाइल परत येऊ शकते.

मुंबईत बेस्ट, अदानी इलेक्ट्रिसिटी, टाटा पॉवर आणि मुलुंड-भांडुप पट्ट्यात महावितरण असे चार पुरवठादार आहेत. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवरच करायचा, पण पोर्टलवर पुरवठादार चुकीचा निवडला तर ग्राहक क्रमांक जुळत नाही.

आता मंजूर भार. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या विनियमांप्रमाणे नेट मीटरच्या (ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजून फरक काढणाऱ्या मीटरच्या) संचाची क्षमता मंजूर भाराहून जास्त असता कामा नये. गच्चीवर जागा 20 किलोवॉटची आणि कॉमन मीटरचा भार 12 किलोवॉट, असं वारंवार दिसतं. केंद्राच्या 2024 च्या ग्राहक हक्क नियमांनुसार 10 किलोवॉटपर्यंतच्या संचाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही, अर्ज मान्य झाला असंच धरलं जातं आणि गरज असेल तितका भार वीज कंपनीच वाढवते. त्यावरच्या संचासाठी भारवाढीचा अर्ज आधी करा. त्याने बिलातला स्थिर आकार वाढू शकतो, तो खर्चात धरा. विंगनिहाय वेगळे कॉमन मीटर असतील तर कोणत्या मीटरला संच जोडायचा हे ठरवताना सगळ्यात जास्त युनिट खाणारा मीटर निवडा, तो बहुतेक पंपाचा असतो. सोसायटीच्या सामायिक वापराला घरगुती दर लागतो आणि वापर वाढेल तसा टप्पा महाग होत जातो. सौर वीज आधी वरचे महागडे टप्पे कमी करते. म्हणून बचत मोजताना सरासरी दर लावू नका, आकडा खोटा येतो.

सर्वसाधारण सभा

मॅनेजिंग कमिटीच्या सहीवर एवढा खर्च करू नये. विशेष सर्वसाधारण सभेसाठी आदर्श उपविधींनुसार पूर्ण पाच दिवसांची नोटीस लागते, वार्षिक सभेत विषय घ्यायचा तर चौदा दिवसांची. विषयपत्रिकेवर ‘सौर’ असं स्पष्ट लिहा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या सदरात घेतलेला ठराव पुढे कोणीही आव्हान देऊ शकतो.

ठरावात एवढं यावं: संचाची क्षमता, गच्चीचा कोणता भाग वापरायचा, खर्च कोठून करायचा, अर्जावर आणि करारावर कोण सह्या करणार, आणि वॉटरप्रूफिंगची जबाबदारी कोणाची. हा शेवटचा मुद्दा हलका समजू नका. सभेतला खरा विरोध वरच्या मजल्यावरच्या सदस्यांकडून येतो आणि त्यांचं म्हणणं रास्त असतं. गच्चीला भोकं पाडली की पावसाळ्यात पाणी त्यांच्याच घरात उतरणार. स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा बसवता येतो का, हे वेंडरला, म्हणजे संच बसवणाऱ्या कंपनीला, लेखी विचारा. वॉटरप्रूफिंग करायचंच असेल तर ते आधी उरकून घ्या.

सिंकिंग फंड हा मुळात पुनर्बांधणी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, त्याला सहज हात लावू नका. पैसा नसेल तर कंपनीने स्वखर्चाने संच बसवायचा आणि सोसायटीने युनिटप्रमाणे पैसे द्यायचे, असाही मार्ग आहे. मात्र असा करार बरीच वर्षं चालतो, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

कागदपत्रं

• संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन कार्ड
• कॉमन मीटरचं अलीकडचं बिल, थकबाकी नसलेलं
• सर्वसाधारण सभेचा ठराव, इतिवृत्तातल्या पानासह, शिक्का आणि सह्यांनिशी
• सही करणाऱ्या पदाधिकाऱ्याचं ओळखपत्र आणि त्याला दिलेलं अधिकारपत्र
• घरांची संख्या दाखवणारी सदस्य यादी
• गच्चीच्या ताब्याचा पुरावा: कन्व्हेयन्स (जमीन-इमारत संस्थेच्या नावावर करणारा दस्त) किंवा मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश (बिल्डरने दस्त करून न दिल्यास सरकारी अधिकाऱ्याकडून मिळणारा), भोगवटा प्रमाणपत्र
• संस्थेच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश
• गच्चीचे फोटो आणि वेंडरने दिलेला जागेचा आराखडा

वीज कंपनी आणखी एखादं हमीपत्र मागू शकते. मानीव अभिहस्तांतरण झालेलं नसेल तर सगळं संपलं असं नाही, पण बिल्डरने गच्चीवर हक्क सांगितला तर काय, याचं उत्तर आधी तयार ठेवा.

अर्जाचा क्रम

पोर्टलवर नोंदणी करताना मोबाइल क्रमांक आणि ईमेल संस्थेचा द्या. सेक्रेटरीने स्वतःचा नंबर दिला आणि निवडणुकीनंतर नवी कमिटी आली की ओटीपीसाठी जुन्या सेक्रेटरीच्या दारात उभं राहावं लागतं.

लॉगिन झाल्यावर राज्य, वीज कंपनी आणि ग्राहक क्रमांक भरा, गृहनिर्माण संस्थेचा प्रकार निवडा, कागद चढवा. 10 किलोवॉटवरच्या अर्जावर वीज कंपनीने 15 दिवसांत व्यवहार्यतेचा निर्णय द्यायचा असतो, नाही दिला तर मान्यता मिळाली असं समजलं जातं. ‘आधी बसवून टाकू, अर्ज नंतर’ म्हणणाऱ्या वेंडरला नमस्कार करा. मान्यता आली की पोर्टलवर नोंदणी असलेल्या वेंडरांपैकीच एकाची निवड करायची. किमान तीन कोटेशनं घ्या आणि ती किलोवॉटच्या दराने तुलना करा, एकूण रकमेने नको. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. कोटेशनमध्ये जुना दर असेल तर बदलून घ्या. पाच वर्षांची देखभाल वेंडरने संचाच्या किमतीतच द्यायची असते, त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर नकार द्या. पॅनेल धुण्याचं काम मात्र बहुधा आपल्यावरच येतं. मुंबईत, विशेषतः बांधकामं चालू असलेल्या भागात, धूळ इतकी बसते की गच्चीवर नळ असणं ही सोय नाही, गरज आहे.

संच बसल्यावर पॅनेलचे अनुक्रमांक आणि फोटो पोर्टलवर जातात, नेट मीटरचा अर्ज होतो, कंपनीचा माणूस येऊन तपासतो आणि मीटर बदलतो. काम पूर्ण झाल्याचं कळवल्यापासून हे सगळं 15 दिवसांत व्हायला हवं. उशीर झाला तर तोंडी पाठपुरावा करत बसू नका. लेखी तक्रार द्या, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल हे टप्पे आहेत.

संच कार्यान्वित झाल्याचा अहवाल निघाला की बँकेचा तपशील भरून अनुदानाची मागणी करायची. रक्कम थेट संस्थेच्या खात्यात येते, म्हणजे वेंडरला आधी पूर्ण पैसे द्यावे लागतात. हे सभेतच सांगून ठेवा, नाहीतर खजिनदाराची पंचाईत होते. पहिल्या बिलावर आयात, निर्यात आणि निव्वळ युनिट असे तीन आकडे दिसले पाहिजेत. जादा युनिट पुढच्या बिलात वळते होतात आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेले आयोगाने ठरवलेल्या दराने कंपनी विकत घेते. तो दर तुमच्या बिलातल्या दरापेक्षा कमी असतो, म्हणून वापराहून मोठा संच बसवण्यात फायदा नाही.

गच्चीच नसेल तर

जागा नाही, सावली आहे किंवा पुनर्विकास ठरला आहे, अशा सोसायटीला हरित दराचा, म्हणजे थोडे जादा पैसे देऊन कंपनीकडून अक्षय वीज घेण्याचा, पर्याय आहे. आयोगाने 2021 मध्ये याला परवानगी दिली तेव्हा युनिटमागे 66 पैसे जादा ठरवले होते. दर आदेशागणिक बदलतो, चालू दर कंपनीच्या दरपत्रकात पाहा. ग्राहक क्रमांकासह कंपनीकडे विनंती नोंदवली की काम झालं, ठराव सोडला तर इतर कागद जवळपास लागत नाहीत. अनुदान नाही, बिल थोडं वाढतं, पण वापरलेल्या विजेएवढी अक्षय वीज तुमच्या नावे खरेदी होते. सदस्य आपापल्या घराच्या मीटरसाठीही हा पर्याय घेऊ शकतो, त्याला सोसायटीची परवानगी लागत नाही.