उजवा रकाना कसा भरला

बारावीला भौतिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर एक तक्ता हमखास येतो. डावीकडे सरळ रेषेतली गती, उजवीकडे फिरण्याची. डावीकडे वस्तुमान, त्याच्यासमोर मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे जडत्व आघूर्ण (फिरण्यातला बदल वस्तू किती अडवते ते), बलासमोर टॉर्क (बलाचा फिरवणारा जोर), संवेगासमोर कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग). सर सांगतात, डावी बाजू पाठ असेल तर उजवी फुकट मिळाली म्हणून समजा. परीक्षेपुरतं ते बरोबरच आहे.

इतिहासात मात्र हा रकाना फुकट मिळालेला नाही. न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' १६८७ चं. फिरणाऱ्या दृढ वस्तूची (म्हणजे फिरताना जिचा आकार बदलत नाही अशा वस्तूची) समीकरणं पुरती हातात यायला त्यानंतर पाऊणशे वर्षं गेली. 'कोनीय संवेग' आणि 'टॉर्क' ही नावं आजच्या अर्थाने रुळली ती तर त्याहूनही शंभर-सव्वाशे वर्षांनी. शिवाय हा रकाना वरून खाली असा भरतच गेला नाही. एक खाना घड्याळाने भरला, एक पृथ्वीच्या डुलण्याने.

हाताला हे शास्त्र केव्हापासून ठाऊक आहे. जात्याचा खुंटा वरच्या तळीच्या अगदी कडेला ठोकतात. मधल्या खिळ्याजवळ ठोकला तर दोन मुठी दळतानाच हात गळून जातील. बल किती यापेक्षा ते आसापासून किती लांब लावलं, यावर काम ठरतं. आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तरफेचा नियम मांडला, तो हाच. पण तो नियम स्थिर तराजूचा. फिरत्या चाकाला तो लावताना भलेभले चुकले. आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'सिद्धान्तशिरोमणी'त आपोआप फिरणाऱ्या चक्राचं वर्णन केलंय: पोकळ आऱ्यांमध्ये अर्धा पारा भरायचा, की चाक फिरतच राहील. ते फिरत नाही. एका बाजूचा पारा आसापासून लांब गेला तरी दुसऱ्या बाजूला जवळचा पारा वजनाने जास्त भरतो, आणि दोन्हीकडचे टॉर्क एकमेकांना खाऊन टाकतात. याच कल्पनेच्या आवृत्त्या नंतर युरोपातही शतकानुशतकं निघत राहिल्या, त्यामुळे एकट्या भास्कराचार्यांना दोष द्यायचं कारण नाही.

खरी सुरुवात लंबकाच्या घड्याळातून झाली. दोऱ्याला टांगलेल्या गोळीचा झोका दोऱ्याच्या लांबीवर ठरतो, इतपत माहीत होतं. पण घड्याळात दोरा नसतो, जाड दांडी असते, आणि दांडीचा प्रत्येक तुकडा जणू स्वतंत्र लंबक असतो. वरच्या तुकड्यांना भराभर झुलायचंय, खालच्यांना सावकाश, आणि सगळे एकाच दांडीत जखडलेले. मग दांडी कोणाचं ऐकणार? फ्रान्समधल्या मेर्सेन या विद्वान पाद्र्याने हा प्रश्न पत्रातून टाकला होता, आणि १६४६ साली तो हॉलंडच्या क्रिस्टियान हायगेन्सपर्यंत पोचला तेव्हा हायगेन्स सतरा वर्षांचा होता. तेव्हा त्याला तो सुटला नाही. पुढे त्याने लंबकाचं घड्याळ बनवलं आणि १६७३ च्या 'होरोलोजियम ऑसिलेटोरियम'मध्ये उत्तर छापलं. त्यासाठी त्याने एकच गोष्ट धरून ठेवली: जोडलेल्या तुकड्यांचा सामाईक गुरुत्वमध्य जितक्या उंचीवरून खाली आला, त्याहून वर आपल्या बळावर चढू शकत नाही. एवढ्यावरून निघालं की एका टोकाला टांगलेली एक मीटरची सारखी दांडी जवळपास ६७ सेंटिमीटरच्या दोऱ्याच्या लंबकाइतकी झुलते.

उत्तरापेक्षा रीत महत्त्वाची आहे. हिशेबात प्रत्येक तुकड्याचं वस्तुमान गुणिले आसापासूनच्या अंतराचा वर्ग, आणि अशा सगळ्या गुणाकारांची बेरीज येते. तेच आपलं जडत्व आघूर्ण. हायगेन्सने त्याला नाव दिलं नाही, त्याला काही नाव द्यावं असंही त्याला वाटलं नसावं. त्याला घड्याळ जमवायचं होतं.

न्यूटनने गतीच्या पहिल्या नियमाखालीच भोवऱ्याचं उदाहरण दिलंय: हवेने अडवलं नाही तर तो फिरायचा थांबणार नाही. ग्रह सूर्याभोवती समान काळात समान क्षेत्रफळ व्यापतो, हा केप्लरचा नियम त्याने भूमितीने सिद्ध केला. आजच्या भाषेत ती कोनीय संवेगाची अक्षय्यता, म्हणजे बाहेरून टॉर्क लागला नाही तर तो तेवढाच राहणं. पण न्यूटनचे नियम बिंदूवत वस्तूंना सरळ लागू पडतात. भोवरा म्हणजे असंख्य बिंदूंचं एकत्र कुटुंब, त्याची समीकरणं 'प्रिन्सिपिया'त नाहीत. पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, मंदावलेल्या भोवऱ्यासारखा. त्याचं कारण न्यूटनने अचूक ओळखलं: विषुववृत्तापाशी फुगलेल्या पृथ्वीला सूर्य-चंद्र ओढतात. गणित मात्र त्याचं फसलं. ते फ्रेंच गणितज्ञ द'आलांबेरने १७४९ साली दुरुस्त केलं.

आणि मग ऑयलर. हा स्विस गणितज्ञ तेव्हा बर्लिनच्या अकादमीत होता, एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती. १७५० साली त्याने अकादमीपुढे एक निबंध ठेवला, त्याचं शीर्षकच 'यांत्रिकीच्या एका नव्या तत्त्वाचा शोध' असं काहीसं होतं. वस्तूच्या प्रत्येक कणाला तीन दिशांनी न्यूटनचा नियम लावायचा आणि सगळी बेरीज करायची, हे ते नवं तत्त्व. आज वाचताना वाटतं, यात नवं काय? पण न्यूटनचा नियम कुठल्याही वस्तूच्या कुठल्याही कणाला असा लावता येतो, हे तोवर कोणी इतकं उघड लिहिलंच नव्हतं. बेरजेतून फिरणाऱ्या वस्तूची समीकरणं निघाली. ती भयंकर किचकट होती, कारण वस्तू फिरली की बाहेरच्या स्थिर आसांपासून तिच्या कणांची अंतरं बदलतात आणि मांडलेली बेरीज पुन्हा मांडावी लागते.

ही गाठ सुटली ती १७५५ मध्ये सेग्नर नावाच्या गणितज्ञाच्या भोवऱ्यावरच्या पुस्तिकेमुळे. कितीही वेडीवाकडी वस्तू घ्या, तिला एकमेकांशी काटकोनात असलेले तीन आस असे असतातच, की ज्यांच्याभोवती ती न डगमगता फिरू शकते. ऑयलरने हे उचललं, आपली चौकट वस्तूच्याच त्या तीन आसांना बांधून वस्तूबरोबर फिरवली, आणि पानभर पसरलेली समीकरणं तीन ओळींत आली. १७६५ च्या ग्रंथात त्याने हायगेन्सच्या त्या बिननावाच्या बेरजेला लॅटिनमध्ये 'मोमेंटुम इनर्शिए' असं नाव दिलं. तक्त्यातला शब्द तो हा.

ते तीन आस घरी बघता येतात. जाड पुस्तक घ्या, उघडू नये म्हणून रबर लावा आणि फिरवत वर उडवा. मुखपृष्ठ छताकडे ठेवून तबकडीसारखं फिरवलंत तर नीट फिरतं. लांब बाजूला समांतर आसाभोवती, लाटण्यासारखं फिरवलंत तरी नीट. आता मुखपृष्ठ आपल्याकडे ठेवून, पुस्तक दोन्ही बाजूंनी धरून कोलांटी द्या. कितीही जपून उडवा, हवेत ते अर्धी गिरकी घेतं आणि हातात येतं तेव्हा बहुतेक वेळा मलपृष्ठ समोर असतं. हा मधला आस: जडत्व आघूर्ण ना सगळ्यात जास्त, ना सगळ्यात कमी. त्याच्याभोवतीचं फिरणं अस्थिर, हे ऑयलरच्या तीन ओळींतूनच निघतं. १९८५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर जानिबेकोव यांना तरंगता विंग नट दर थोड्या वेळाने उलटा होताना दिसला, त्याचंही कारण हेच. त्याच्या व्हिडिओंखाली लोक 'पृथ्वीही अशी उलटणार' म्हणून घाबरवतात. घाबरू नये, पृथ्वी सगळ्यात जास्त आघूर्णाच्या आसाभोवती फिरते.

राहिलेली नावं भरभर. 'कोनीय संवेग' हा शब्द आजच्या अर्थाने रॅन्किन यांनी १८५८ मध्ये वापरला, 'टॉर्क' १८८४ मध्ये जेम्स थॉमसन यांनी सुचवला. दोघेही अभियांत्रिकीचे प्राध्यापक. कारखाने शाफ्टवर चालत होते, तेव्हा शब्दाची गरज तिथेच पडणार.

समीकरणं असणं वेगळं आणि ती सुटणं वेगळं. ऑयलरने गुरुत्वमध्यावर टेकवलेल्या वस्तूचं गणित सोडवलं, त्याच्यानंतरच्या लाग्रांज या गणितज्ञाने आपल्या नेहमीच्या भोवऱ्याचं, सगळीकडून सारख्या आणि आरीवर उभ्या. तिसरं उदाहरण शंभर वर्षं कोणाला सापडेना. पॅरिसच्या अकादमीने त्यावर बोर्दँ पारितोषिक लावलं. निबंध निनावी यायचे, लेखकाचं नाव बंद पाकिटात. १८८८ मध्ये एक निबंध इतका सरस ठरला की ३,००० फ्रँकची रक्कम वाढवून ५,००० केली. पाकिटात नाव होतं सोफिया कोवालेव्स्काया, रशियन गणितज्ञ. बर्लिनच्या विद्यापीठाने बाई म्हणून तिला वर्गात बसू दिलं नव्हतं, तिथले गणिताचे प्राध्यापक वायरश्ट्रास तिला चार वर्षं खाजगीत शिकवत होते. तिचा भोवरा विचित्र आहे: दोन आघूर्णं सारखी, तिसरं त्यांच्या निम्मं, आणि गुरुत्वमध्य त्या दोन सारख्या आसांच्या पातळीत. खेळण्यांच्या दुकानात तो मिळायचा नाही. ४१ व्या वर्षी ती गेली. कशीही सुरुवात केली तरी पूर्ण सुटतो असा चौथा भोवरा पुढे निघालाच नाही.

इतकं होऊनही १९५८ मध्ये अमेरिकेचा पहिला उपग्रह 'एक्सप्लोरर-१' सोडताना एक खाना रिकामा राहिलाच. सुमारे दोन मीटर लांब, वीतभरही जाड नाही अशी ती नळी. पेन्सिल दोन तळहातांत घोळवावी तशी लांब आसाभोवती मिनिटाला साधारण ७५० फेरे देऊन पाठवलेली. तो सगळ्यात कमी आघूर्णाचा आस, म्हणजे कागदावर स्थिर. पण नळीला चार लवचिक अँटेना होत्या, आणि ऑयलरच्या दृढ वस्तूला लवचिक काही नसतं. अँटेना हलत-वाकत राहिल्या, त्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गळत गेली. कोनीय संवेग तेवढाच ठेवायचा आणि ऊर्जा कमी करायची, तर वस्तूपुढे एकच वाट उरते: जास्त आघूर्णाच्या आसाकडे सरकायचं. बघता बघता पेन्सिल आडवी होऊन पंख्याच्या पात्यासारखी गरगरायला लागली, आणि तशीच फिरत १९७० च्या मार्चअखेर वातावरणात येऊन जळाली. तेव्हापासून नुसत्या फिरकीवर स्थिर ठेवायचा उपग्रह शक्यतो पेन्सिलीसारखा नाही, पसरट डब्यासारखा बनवतात.