सोसायटीची सभा आणि ग्रामसभा: पर्वरीकरांना दोन्ही का हव्यात

पर्वरीत घर शोधणारी माणसं काय बघतात ते ठरलेलं असतं. मांडवीवरचा पूल ओलांडला की पणजी, उलट्या दिशेला म्हापसा, आणि मधल्या पठारावर दिवसभर वारं. शाळा, बँका, दवाखाने, भाजी, मासळी सगळं हाताशी. विधानसभा संकुल २००० सालापासून इथं आहे, मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ २०२१ मध्ये इथल्या नव्या इमारतीत आलं, आणि गोमंतक मराठी अकादमीचं मराठी भवनही इथंच आहे. महामार्गावर उड्डाणमार्गाचं काम निघाल्यापासून धूळ आणि कोंडी वाढली, तरी घर बघायला येणाऱ्यांची रीघ थांबलेली नाही. पेडणे-डिचोलीहून नोकरीसाठी आलेले, सावंतवाडी-बेळगावचे, निवृत्तीनंतर मुंबईहून परतलेले, सगळ्यांना या भागाने सामावून घेतलं आहे.

मला हे उपनगर मनापासून आवडतं. संध्याकाळी फिरायला बाहेर पडलं की चार ओळखीचे चेहरे भेटतात, आजारपणात शेजारी न सांगता डबा आणून देतात, आणि चतुर्थीला वाड्यातल्या भजनाला फ्लॅटमधली मुलंही टाळ घेऊन बसतात. पण हे सगळं आपोआप टिकत नाही. ते कोण टिकवतं, असं नव्याने आलेल्यांना विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं: आमची सोसायटी चांगली आहे. रस्त्यावरचा दिवा बंद पडला, सांगा सेक्रेटरीला. कोपऱ्यावर कचरा साठला, टाका सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर. वर्षातून एकदा स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगच्या जागेत, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा झाली की आपल्या भागाचा कारभार आपण चालवला असं वाटतं. ग्रामसभा म्हटली की ‘ती गावातल्या लोकांची, आपण शहरातले’ असं उत्तर येतं. गोंधळ इथंच आहे.

पर्वरीत राहणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने गावातच राहतो. इथं नगरपालिका नाही. मुळात पर्वरी नावाची पंचायतही नाही. आपण जिला पर्वरी म्हणतो ती सुकूर, पेन्ह द फ्रान्स आणि साल्वादोर द मुंद या पंचायतींमध्ये विभागलेली आहे. २०११ च्या जनगणनेने या तिन्हींची नोंद शहरी वस्ती म्हणून केली. त्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या शहरी निघाली, आणि तिच्यात पंचायतीच्या कारभाराखाली राहणारे असे लोक पुष्कळ आहेत. इमारत सात मजली असो, खाली सुपरमार्केट असो, बांधकामाचा परवाना देणारी, ओसी म्हणजे इमारत वापरायचा दाखला देणारी आणि घरपट्टी घेणारी संस्था पंचायतच.

सोसायटी ही वेगळी वस्तू आहे. ती गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ खाली नोंदवलेली, सभासदांची संस्था. गोव्यात फ्लॅट बहुधा ज्याच्या त्याच्या नावे विक्रीखताने विकले जातात आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा त्या खतातच येतो. म्हणून इथल्या कितीतरी सोसायट्या देखभालीपुरत्या असतात. लोक त्यांना सरळ मेंटेनन्स सोसायटी म्हणतात. लिफ्ट, पंप, टाकी, जिना, रंग, सुरक्षारक्षक आणि कुंपणाच्या आतलं सगळं तिचं. कुंपणाबाहेर तिला एक दगड हलवायचाही अधिकार नाही. ती पंचायतीला पत्र लिहू शकते, आणि ते लिहावंच, पण पत्र म्हणजे मत नव्हे.

ग्रामसभा येते गोवा पंचायत राज कायदा, १९९४ मधून, आणि त्यामागे संविधानाची ७३ वी दुरुस्ती आहे. रस्ता, गटार, पथदिवे, कचरा, नवी बांधकामं, मोकळ्या जागा, पंचायतीचा जमाखर्च, यांवर तिथं प्रश्न विचारता येतात आणि ठराव मांडता येतात. गावाच्या जमिनीचा विषय निघाला की तिसरं नाव कानावर येतं, कोमुनिदाद. ती गावकारांची जुनी संस्था, तिची स्वतःची संहिता आहे. या भागातली सेरूला कोमुनिदाद मोठी मानली जाते. पण तो स्वतंत्र विषय आहे, इथं एवढंच लक्षात ठेवावं की पंचायत आणि कोमुनिदाद एक नव्हेत.

या दोन सभांमधला सगळ्यात मोठा फरक माझ्या मते कामांच्या यादीत नाही, कोण बसतं यात आहे. सोसायटीत मालक बसतो. सभासदामागे एक मत. मालक दिल्लीत असो की दुबईत, सभासद तोच. ग्रामसभेत मतदार बसतो. पंचायत क्षेत्राच्या मतदारयादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येक जण, म्हणजे एका घरातली चार माणसं यादीत असतील तर चारही जण ग्रामसभेचे सदस्य. भाड्याने राहणारा माणूस वीस वर्षं त्याच इमारतीत असला तरी सोसायटीच्या सभेत त्याला मत नाही. यादीत नाव असेल तर ग्रामसभेत मात्र तो सरपंचाला उभं राहून विचारू शकतो. उलट, तीन फ्लॅट असलेल्या मालकाने मत अजून सावंतवाडीत ठेवलं असेल तर पर्वरीच्या ग्रामसभेत त्याला बोलायचा हक्क नाही.

याचं महत्त्व मला आमच्याच भागातल्या एका ग्रामसभेत कळलं. पठाराच्या उतारावर, खालच्या वाड्यात राहणारी एक बाई प्लास्टिकच्या बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन आली होती. तिने ती बाटली सरपंचांच्या टेबलावर, हजेरीवहीच्या शेजारी ठेवली. पाणी गढूळ होतं आणि झाकण काढल्यावर पहिल्या रांगेपर्यंत वास आला. ‘पावसाळा सरला तरी असंच,’ ती म्हणाली, ‘वरच्या बिल्डिंगी आल्यापासून.’ वरच्या इमारतींपैकी कुणीच तिथं नव्हतं, असं वाटलं. मग मागून एक शिक्षक उठले. ते त्यातल्याच एका इमारतीत भाड्याने राहतात. ते म्हणाले, आमच्या सेप्टिक टँकचा टँकर आता दर महिन्याला येतो, सोकपिट, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, पाणी घेतच नाही, आणि ते सोकपिट मागच्या कुंपणाला लागून आहे.

पुढे समजलं की त्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही हा विषय येऊन गेला होता. तिथं त्याचं नाव होतं ‘टँकरचा वाढता खर्च’. चर्चा झाली ती मेंटेनन्स किती वाढवायचा यावर. सभासद वाईट नव्हते. त्यांच्यासमोर जे आलं ते बिल होतं. विहीर त्यांना दिसत नव्हती, कारण ती कुंपणाबाहेर होती. वाड्यातल्या लोकांना विहीर दिसत होती, टँकरची बिलं दिसत नव्हती. दोन्ही बाजू ठाऊक असलेल्या माणसाला सोसायटीत मत नव्हतं आणि ग्रामसभेत होतं. आरोग्य खात्याची माणसं येऊन पाहून गेली, पंचायतीची नोटीस निघाली, आणि सोसायटीने कुंपणापासून दूर, दुसऱ्या कोपऱ्यात नवं सोकपिट खणलं. यात काही महिने गेले आणि थोडी कटुताही आली. पण त्यानंतर वाड्यातली आणि इमारतीतली माणसं रस्त्यात भेटली की बोलू लागली, हे मी पाहिलं आहे.

पठारावरच्या वस्तीत पाण्याचा हा हिशोब विशेष महत्त्वाचा. वर काँक्रीट घातलं, पेव्हर बसवले, कुंपणाची भिंत उंच केली की जमिनीत मुरणारं पाणी खाली धावतं. जून-जुलैत खालच्या घरांच्या अंगणात लाल पाणी शिरतं ते त्यामुळे. सोसायटीच्या सभेत ‘पेव्हर बसवणे’ हा एका ओळीचा ठराव असतो. त्याची दुसरी ओळ ग्रामसभेत लिहिली जाते.

नळाचं पाणी मात्र दोन्ही सभांच्या हातात नाही. आपल्या बार्देश तालुक्याला मुख्यतः अस्नोडा प्रकल्पातून पाणी मिळतं, तिळारीच्या कालव्याचं पाणी त्याला आधार देतं, आणि ते पुरवणं हे राज्य सरकारच्या खात्याचं काम आहे. विजेचंही तसंच, ते वीज खातं. पंचायतीकडे तक्रार केली तर सरपंच पाठपुरावा करू शकतात. सोसायटीच्या हातात टँकर मागवणं आणि टाकी धुऊन घेणं एवढंच. हे माहीत नसल्यामुळे उन्हाळ्यात बिचाऱ्या सेक्रेटरीवर किती जण तोंडसुख घेतात! बिनपगारी काम करणारा, संध्याकाळी ऑफिसातून येऊन पंप सुरू करणारा माणूस असतो तो.

कचऱ्याचं काम अर्धं-अर्धं आहे. ओला-सुका वेगळा करणं, कुंपणाच्या आत नीट ठेवणं, जमल्यास ओल्याचं खत करणं हे सोसायटीचं. उचलणं पंचायतीचं. तो पुढे जातो साळगावच्या प्रक्रिया प्रकल्पाकडे, जो २०१६ पासून चालू आहे. रस्त्याकडेच्या काळ्या पिशव्या कुणाच्या, हा वाद दोन्ही सभांत होतो, आणि दोन्हींनी तो केला पाहिजे.

पैशाकडेही बघू. मेंटेनन्स महिन्याला जातो, म्हणून तो टोचतो आणि त्याचा हिशोब लोक मागतात. मागावाच. सोसायटीचं वर्ष मार्चअखेर संपतं, त्यानंतर सहा महिन्यांत वार्षिक सभा आणि तिच्यासमोर लेखापरीक्षण झालेले हिशोब यायला हवेत. बिल्डरने सुरुवातीला घेतलेली मेंटेनन्सची ठेव सोसायटीच्या खात्यात आली का, हा पहिल्या सभेतला पहिला प्रश्न असावा. घरपट्टी वर्षातून एकदा, त्या मानाने थोडी. म्हणून तिच्या पैशाचं काय झालं हे कुणी विचारत नाही. पण पंचायतीकडे घरपट्टीबरोबर परवान्यांचं शुल्क आणि सरकारी अनुदानही येतं. एका सोसायटीच्या वर्षाच्या बजेटपेक्षा ती रक्कम बरीच मोठी असू शकते, आणि तिच्यावर बोलायला हॉलमध्ये कधीकधी तीस माणसं असतात.

तक्रार अडली तर दारंही वेगळी. सोसायटीचा वाद सहकार निबंधकांकडे जातो. पंचायतीचा गटविकास अधिकाऱ्यांकडे, तिथून वर पंचायत संचालनालयाकडे. नवीन इमारत असेल आणि बिल्डरने कबूल केलेलं दिलं नसेल तर रेरा, म्हणजे बांधकाम व्यवसायावर लक्ष ठेवणारं प्राधिकरण, आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष निघाला तर तो दुरुस्त करून देणं बिल्डरला बंधनकारक आहे. चुकीच्या दारात दोन वर्षं उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

ग्रामसभेत पहिल्यांदा जाणाऱ्याला थोडं बिचकायला होतं, ते साहजिक आहे. भाषा मिसळलेली असते. कोंकणी जास्त, मध्येच मराठी, ठराव वाचताना इंग्रजी. आवाज चढतात. जुनी भांडणं निघतात, ज्यांचा संदर्भ नव्या माणसाला लागत नाही. पण मराठीत बोललेलं सगळ्यांना समजतं आणि बोलू दिलं जातं, हा माझा अनुभव. सोसायटीच्या सभेची शिस्त वेगळी: अजेंडा, प्रॉक्सीचे वाद, मिनिट्स. ग्रामसभेत शांतपणे, कागदावर लिहून आणलेला एकच मुद्दा मांडणाऱ्याला लोक ऐकून घेतात. मुद्दा आधी पंचायत सचिवांकडे लेखी देऊन पोच घ्यावी, म्हणजे तो इतिवृत्तात येतो.

जाण्याआधी नाव यादीत हवं. जुन्या गावातलं मत तोडणं अनेकांना जिवावर येतं, आणि ते मला समजतं. देवळाचा उत्सव, भाऊबंद, शेत सगळं तिकडे असतं. तरी जिथं मुलं शाळेत जातात आणि जिथलं पाणी आपण पितो तिथं मत असावं असं मला ठामपणे वाटतं. पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरायचा, ऑनलाइन किंवा तुमच्या मतदान केंद्राच्या बीएलओकडे, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे. विजेचं बिल किंवा नोंदणी केलेला भाडेकरार असे पुरावे चालतात, त्यामुळे भाडेकरूलाही अडचण नाही. आपला वॉर्ड कुठला आणि आपला पंच कोण, हे पंचायत कार्यालयात विचारलं की लगेच कळतं. ग्रामसभा वर्षभरात ठरावीक अंतराने, सहसा रविवारी होते आणि तिची नोटीस पंचायतीच्या फलकावर लागते. त्या फलकाचा फोटो काढून सोसायटीच्या गटावर टाकायला कुठल्याही पदाची गरज लागत नाही.